खिडकीजवळच्या खाटेची दाढी

गल्लीतल्या न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणत. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर आणि जीभ गावभर, अशी त्याची तऱ्हा. हात मात्र असा हलका, की माणूस खुर्चीतच पेंगायचा. शेवटी हातातला आरसा पुढं धरून "बघा, पसंत आहे का?" असं विचारल्याशिवाय तो कुणालाही उठू देत नसे.

दर गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून तो इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर जाई. तिथं सहा खाटांवर वर्षानुवर्षं पडून असलेली, कुणी भेटायला न येणारी माणसं होती. हे खूळ बायकोचं. एका रविवारी चर्चमधल्या उपासनेहून परतताना ती म्हणाली, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. तुम्हाला तर नुसत्या दाढ्या करायच्यात." त्याच गुरुवारी रेडिओनं हत्यारांची पेटी उचलली. बुधवारी ती सहा टॉवेल धुऊन, इस्त्री करून ठेवायची. आरसा तेवढा घरीच राहायचा, कारण त्या वॉर्डात काचेच्या वस्तूंना मनाई होती.

अशी सहा वर्षं गेली. पाच जण निदान हसायचे. खिडकीजवळचा म्हातारा मात्र निव्वळ दगड, कधी हूं नाही की चूं नाही. दाढी झाली रे झाली, की तो मान फिरवून खिडकीकडं तोंड करायचा. बाहेर शेजारच्या इमारतीची काळवंडलेली भिंत, दुसरं काही नाही. आपल्यापेक्षा याला भिंत बरी वाटते, हे रेडिओला फार लागायचं. घरी येऊन तो कुरकुरला, की बायको विचारायची, त्याचे आभार गोळा करायला जाता का तुम्ही?

मग ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता नवव्या दिवशी सगळं आटोपलं. पाळकसाहेब समाचाराला आले आणि म्हणाले, चांगलं काम सोडू नका, देव त्याचं पीक पदरात घालतोच.

"माझं पीक मी पुरून आलोय, साहेब," तो म्हणाला.

तीन गुरुवार तो गेला नाही. त्याला आळस नव्हता, त्याचं देवाशी भांडण होतं, आणि ते खोटं होतं असं मी तरी म्हणणार नाही. गिऱ्हाइकं येत, मुकाट्यानं दाढी करून घेत आणि जात. त्याची स्वतःची दाढी वाढत राहिली.

चौथ्या गुरुवारी कपाटात तिनं शेवटची इस्त्री केलेले सहा टॉवेल सापडले. ते घरात बघवेनात. वॉर्डात देऊन मोकळं व्हावं, म्हणून तो निघाला. सवयीनं पेटीही हातात आली.

सिस्टर दारातच भेटल्या. खिडकीजवळचे आजोबा तासाभरापूर्वी गेले होते.

"त्यांना माझं तोंड बघायलाही नको असायचं," तो म्हणाला.

"कोण म्हणालं? तुम्ही गेलात की संध्याकाळपर्यंत खिडकीच्या काचेत स्वतःला बघत बसायचे. गालावरून हात फिरवायचे. हे तिन्ही गुरुवार हनुवटी वर करून बसले होते. आम्ही वस्तरा घेतला, तर आमचा हात धरून ठेवला."

तो खाटेजवळ गेला. म्हाताऱ्याच्या गालांवर चार आठवड्यांची पांढरी दाढी होती. ते तीन गुरुवार आता कुणी परत देणार नव्हतं. तो उभ्याउभ्या रडला. मग त्यानं एक टॉवेल पसरला, फेस केला, आणि दाढी करता करता बायकोच्या आजारपणाचे नऊच्या नऊ दिवस त्याला सांगितले. तोवर कुणापाशी सांगितले नव्हते.

दाढी झाल्यावर आरशासाठी हात गेला. आरसा नव्हता. त्यानं म्हाताऱ्याचं डोकं हलकेच उचलून खिडकीकडं वळवलं.

"बघा, पसंत आहे का?"

काचेत दोन चेहरे दिसले, एक गुळगुळीत आणि एक तीन आठवडे दाढी वाढलेला. त्यानं डोकं उशीवर ठेवलं आणि चादर नीट केली. पाच टॉवेल उरले होते. शेजारच्या खाटेवरच्यानं केव्हाची हनुवटी वर करून ठेवली होती.