तुरीचं पोतं आणि जमनाबाईचं काचेचं छप्पर

दिग्रसच्या बसस्टँडवर बातमी पोचली ती अशी: तांड्यावरच्या जमनाबाई नर्सने पुतणीच्या लग्नाच्या तोंडावर आपल्याच गाडीचं काचेचं छप्पर आपल्याच हाताने फोडलं. कशाने, यावर दोन पक्ष होते. केळीवाला म्हणे बत्त्याने, रसवंतीवाला म्हणे सलाईनच्या स्टँडने. कशासाठी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

"जळते ना बाई!" रसवंतीवाला चरकात ऊस सारत म्हणाला. "पोरगी वरून मुंडकं काढून मिरवन, अन् हे खाली बसून स्टेरिंग फिरवन काय? मंग देल्ला ठोका."

यातलं खरं एवढंच की छपराला चीर गेली होती. ती पाडली जमनाबाईच्या दिराने, म्हणजे नवरीच्या बापाने, उत्तमसिंगने. आणि बत्त्याने नाही, तुरीच्या पोत्यापायी.

ते कसं, हे कळायला आधी बैल समजून घ्यावा लागतो. बंजाऱ्यांच्या लग्नात सासरी निघताना नवलेरी, म्हणजे नवरी, सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते. दोन्ही हात वर करते आणि माहेराचा निरोप घेणारं गाणं म्हणते. त्याला हवेली म्हणतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं नाही तर तो माणूस पाव्हणा नाही, मंडपवाला समजावा. पण ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि तांड्यावरच्या नवऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उभ्या राहू लागल्या. मागच्या साली एकीच्या खुर्चीचा पाय फाकला आणि तिने उरलेली हवेली जमिनीवर बसून पूर्ण केली. तेव्हाच उज्ज्वलाने ठरवलं, खुर्ची नाही. आपण मोठीमायच्या गाडीत सीटवर उभं राहायचं, वरची काच सरकवायची, आणि कमरेपर्यंत बाहेर येऊन हवेली म्हणायची.

मोठीमाय म्हणजे जमनाबाई. जन्मभर उपकेंद्रात नर्स. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं तिच्या हातात रडली आणि उरलेली निम्मी तिच्या सुईला. तिचं वाक्य ठरलेलं: "घाबराचं नाही, मुंगी चावल्यावानी होईन." आवाज असा गोड की पोरगं मुंगी शोधायला मान वळवायचं, तेवढ्यात सुई आत. नोकरीभर ती डोक्याला फडकं बांधून, मान खाली घालून लुनावर हिंडली. निवृत्त झाल्यावर गाडी शिकली आणि भाच्याची पांढरी गाडी घेतली ती फक्त वरच्या काचेसाठी. समोरपासून मागच्या सीटपर्यंत आभाळच आभाळ. संध्याकाळी आर्णीच्या रस्त्याला गाडी झाडाखाली लावायची, सीट मागे पाडायची, थर्मासमधला चहा प्यायचा आणि वर पोपटांचे थवे बघायचे, हा तिचा पेन्शनीतला धंदा.

"काय दिसते व वर?" कोणी विचारलं तर म्हणायची, "काहीच नाही. म्हनूनच पाहून राह्यली."

उज्ज्वलाने गाडी मागितली तेव्हा जमनाबाईने लगेच हो म्हटलं. उत्तमसिंगने हे फक्त अर्धं ऐकलं. तो कोणतीही गोष्ट अर्धीच ऐकतो, कारण उरलेल्या अर्ध्या वेळात तो "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत असतो. त्याला कळलं ते असं, की बैलाच्या पाठीवर उभं राहतात तसं पोरगी गाडीच्या पाठीवर उभी राहणार. म्हणजे काचेवर.

आता बाप म्हटल्यावर काळजी आली. आणि उत्तमसिंग म्हटल्यावर पोतं आलं. बंडी असो, माळा असो, विहिरीवरची फळी असो, हा माणूस आधी पोतं ठेवून पाहतो. लग्नाला चार दिवस होते. भर दुपारी, जमनाबाई वामकुक्षीला टेकलेली असताना, त्याने साधारण उज्ज्वलाच्या वजनाचं तुरीचं पोतं हमालाच्या लोखंडी हुकाने ओढत छपरावर चढवलं. पोतं बसलं. काच बसली नाही, तशीच राहिली. उत्तमसिंग खूश. पोतं उतरवताना हुक सुटला आणि काचेच्या काठावर टण्णकन् वाजला.

जमनाबाई बाहेर आली तेव्हा तो पोत्याला मिठी मारून उभा होता.

"एक मिनिट, वहिनी. वजन पेलते. म्या पाह्यलं."

"कोनाचं वजन?"

"उज्ज्वलाचं."

जमनाबाईने पोत्याकडे पाहिलं, मग काचेकडे. काठाला तांदळाएवढा टवका उडाला होता आणि त्यातून केसासारखी चीर बोटभर आत गेली होती. तिने पदराने टवक्यावरची धूळ पुसली आणि उत्तमसिंगकडे पाहिलं. तिचं तसं बघणं उत्तमसिंगला इंजेक्शनपेक्षा जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन दिग्रसला शामकडे गेली. शामचं गाड्यांच्या काचांचं दुकान. माणूस बारीक, आवाज जाड, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गिऱ्हाइकाची परीक्षा. त्याने वरून नख फिरवलं, आत बसून खालून नख फिरवलं, कोपऱ्यातली छापील अक्षरं वाचली.

"दोन पदरी काच हाये म्हनून वाचली, बाई. एकेरी असती त तवाच साबुदाना झाला असता. समजलं का?"

"मंग वाचली ना? भरून दे."

"खालच्या पदराला काही नाही झालं, बराबर. पन टवका काठावर हाये. बीचमध्ये असता, लहान असता, त म्याच म्हनलं असतं का कायले बदलता. काठावर काच तानलेली राह्यते. उघडबंद केली का दनका तिथंच. वरून हे ऊन. समजलं का?"

"पन लहानच हाये ना रे चीर."

"आज लहान हाये. शेपटी फुटली म्हनजे ते पसरनार. नागपूरहून काच मागवतो, आठेक दिवस लागन. तवरक उघडाची नाही."

"तीन दिवस त चालन ना? एकडाव उघडाची हाये, बापा. फक्त एकडाव."

"तीन दिवस चालन, महिनाभर चालन, नाहीतर घरापर्यंत नाही चालनार. समजलं का?"

"नाही समजलं," जमनाबाई म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिला हसू आलं आणि रागही आला. आपण आत्ता कोणाच्या आवाजात बोललो, हे तिला चांगलं माहीत होतं. उपकेंद्राच्या ओसरीवर सुजलेला पाय घेऊन बसलेला माणूस असाच बोलायचा: गोळीवर भागवा ना बाई, वखरनी होऊ द्या, मंग जातो यवतमाळले. त्यांच्यासाठी तिची एक पद्धत होती. सुजेच्या लालीभोवती पेनाने रेघ मारायची. सकाळी लाली रेघेच्या आत असली तर गोळी. बाहेर गेली तर गाडी बोलवायची, मग समोर वखरणी असो की वरात.

तिने घरी येऊन गाडी कडुनिंबाखाली लावली. उज्ज्वलाची लग्नासाठी आणलेली लाल नेलपॉलिश घेतली आणि चिरेच्या टोकाला आडवी रेघ मारली.

"रेघ वलांडली त काच उघडाची नाही," तिने सगळ्यांना सांगितलं. "नाही वलांडली त उघडू."

मग काय, अख्ख्या तांड्याला काम मिळालं. जो येई तो आधी मांडवाकडे नाही, गाडीकडे जाई. सेवादास नायक, तांड्याचा मुखिया, चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "जैसे थे." उत्तमसिंगने काचेला गार वाटावं म्हणून दुपारी बादलीभर माठाचं पाणी आणलं. तो बादली उचलतो तोच जमनाबाई ओसरीतून ओरडली, "तापल्या काचेवर थंड पानी? काच हाये ते, टरबूज नव्हे!" त्याने ते पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाला, "एक मिनिट, मलेच पायजे होतं."

हळदीच्या दिवशी पहाटे जमनाबाई एकटीच गाडीपाशी गेली. अंगणात सगळे झोपलेले, शेजारच्या लालीबाईची कोंबडी तेवढी जागी. तिने वाकून पाहिलं. चीर रेघेच्या पलीकडे गेली होती. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी. सेवादास नायकाचा चष्मा नाकावर असता तरी त्याला दिसली नसती.

नेलपॉलिशची बाटली तिच्या पदराला बांधलेली होती. तिने सोडली. टोपण उघडलं. जुनी रेघ खरवडायची, नवी थोडी पलीकडे मारायची, काम किती? उज्ज्वला कालच आरशासमोर हात वर करून उभी होती. आई लहानपणी गेली तेव्हापासून ही पोरगी जमनाबाईच्याच कुशीत झोपलेली. हट्ट असा एकच केलेला. आणि शाम म्हणालाच होता ना, महिनाभरही चालेल. जमनाबाईने ब्रश काचेला टेकवला. लाल थेंब टोकाशी जमा झाला.

मग ती स्वतःलाच म्हणाली, अगदी त्या सुईच्या आवाजात, "घाबराचं नाही." आणि टोपण लावलं.

उज्ज्वलाने ऐकलं तेव्हा हळदीच्या वाटीसकट उठून उभी राहिली.

"एवढीशी त वाढली! कोनाले दिसते?"

"मले दिसते."

"तुले काच प्यारी का मी?"

"तू. म्हनूनच. काच फुटली त तुह्या कमरेभवती फुटन. टाके मीच घालीन, मले येते. पन लग्नाच्या पातळावर नाही घालत मी टाके."

"मंग खुर्चीवर उभी राहू? लोकायले हसाले?"

"एक मिनिट," उत्तमसिंग मध्ये आला. "ट्रॅक्टर हाये. ट्रॉलीवर उभं राह्य. वजन त म्या..."

"बापू! मी काय तुरीचं पोतं हाव?"

हे ऐकून मांडवातल्या बाया फिस्सकन् हसल्या, आणि रडायच्या बेतात आलेली उज्ज्वलाही हसली. मग हसत हसतच रडली. जमनाबाईने तिच्या गालाची हळद पुसली, स्वतःच्या गालाला लावली आणि गाडीची चावी घेतली. काच बंदच ठेवून ती शेजारच्या गावी गेली, बबनरावकडे.

बबनराव कास्तकार. त्याच्याकडे अजून एक खिल्लारी बैल आहे, नाव तहसीलदार, कारण एकदा बसला की अर्ज-विनंत्यांशिवाय उठत नाही. बबनरावची तिन्ही पोरं जमनाबाईच्या हातची, पण बैलाच्या बाबतीत तो पोरांपेक्षा हळवा.

"बाई, गरीब हाये माहा तहसीलदार. पन त्याले डीजे नाही सोसत. पोळ्याले एकडाव वाजला, त डायरेक्ट नदीत जाऊन उभा राह्यला."

"मी हाव ना," जमनाबाई म्हणाली. बबनरावने मान डोलावली. जमनाबाई 'मी हाव ना' म्हणाली की या भागात पुढे कोणी बोलत नाही.

लग्नाच्या दिवशी तहसीलदार आला, शिंगांना बेगड, पाठीवर आरशांची झूल, चेहऱ्यावर सरकारी निर्विकारपणा. नवरदेवाकडच्यांचा डीजे मांडवासमोर भिंतीसारखा उभा. ऋतिक नावाचा डीजेवाला म्हणाला, "आवाज कमी नाही होत मावशी, सिस्टीमच तशी हाये."

मी, म्हणजे ही गोष्ट सांगणारा तांड्यावरचा नकल्या, जमनाबाईला म्हणालो, बैल हवेलीच्या दुसऱ्या ओळीला पळणार. तिने विचारलं, "लावतं का शर्त?" मी म्हटलं, लावतो. या लग्नात मी सकाळपासून शाम, उत्तमसिंग, सेवादास नायक आणि खुद्द तिची नक्कल करून लाडू मिळवत होतो, म्हणून तिने शर्त तशीच घातली: हरलास तर जेवणावळीत दुसऱ्या कोणाच्या आवाजात बोलायचं नाही.

उज्ज्वला तहसीलदाराच्या पाठीवर चढली. जमनाबाई त्याच्या तोंडाशी उभी राहिली, एक हात गळ्याखाली. डीजेने अंगणातली भांडी थरथरवली. उज्ज्वलाने हात वर केले आणि हवेली धरली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. बैल रवंथ करत होता. उज्ज्वलाचा आवाज फाटला, पुन्हा सापडला. बाया रडू लागल्या, उत्तमसिंग "एक मिनिट" म्हणून मांडवाच्या खांबामागे गेला. डीजेवाल्या ऋतिकने स्वतःहून बटण खाली केलं. शेवटची ओळ संपली तरी तहसीलदार जागचा हलला नव्हता.

तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही कानांत कापूस! उपकेंद्रात भरतात तसा, नीट वळून, घट्ट.

"हे चीटिंग हाये!" मी म्हणालो.

"शर्त बैलाच्या पायाची होती," जमनाबाई डोळे पुसत म्हणाली, "कानाची कोनी काढलीच नाही."

पंगतीत मी माझ्याच आवाजात वरण मागितलं. वाढणाऱ्या चंदाबाईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि जमनाबाईला हाक मारली, "बाई, याले ताप त नाही ना आला?"