शांताआत्याचं नाव शोधायला अड्याळच्या पुढे

आमच्या घरातले वाद जेवतानाच होतात. दिवाळीनंतर आमच्या गावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. त्या नाटकांवर स्मरणिका निघणार होती आणि संपादक होते आमचे बाबा. शांताआत्या म्हणाली, गावच्या नाटकात काम करणारी पहिली बाई मीच. बाबा हसले. तेव्हा बायांची कामं पुरुषच करायचे, म्हणाले. ऐंशीच्या घरातली आत्या अर्ध्या भातावरून उठली. मला फार वाईट वाटलं.

"कागद दाखव, छापतो," बाबा म्हणाले. मजकूर दोन दिवसांत छापखान्यात जाणार होता, म्हणून मी सकाळीच निघाले.

नागपूरहून भंडारा आणि तिथून पवनीच्या गाडीनं अड्याळ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. वाचलेले पैसे मी भंडाऱ्याच्या स्टँडवर तर्री-पोह्यांत इमानदारीनं घातले. पुढे ऑटो. तो भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरला की नाही हे फक्त चालकालाच कळतं. दोन्ही बाजूंना धान पिवळं व्हायला लागलं होतं, त्यामुळे मांडीवर कुणाची तरी पिशवी असूनही तक्रार नव्हती.

गावचं वाचनालय एका खोलीचं. ग्रंथपाल देवाजीकाकांना मी नाटकांची जुनी हँडबिलं मागितली. मंडई संपल्यावर ती कोण ठेवतं, असं त्यांनी मलाच विचारलं. कपाटं उपसून झाली, हाती धूळ आली. हिरमुसून मी पाककृतींचं एक पुस्तक चाळत बसले, तर त्याचं कव्हर निसटलं. आतल्या बाजूला गुलाबी कागदावर छापलं होतं: भव्य नाट्यप्रयोग!

काकांनी अभिमानानं सांगितलं, उरलेली हँडबिलं काय फेकायची होती? दरवर्षी ते त्यांचीच कव्हरं घालत, कोरी बाजू वर. मी संशोधकाच्या उत्साहानं दुसऱ्या कव्हराला हात घातला आणि काकांनी पुस्तक ओढून घेतलं.

"पुस्तक उघडं कसं ठेवाचं? नवं कव्हर घालून दे, मंग जुनं ने."

मी परत अड्याळला, खाकी कागद आणि डिंक आणायला. (जाणार असाल तर सोबतच न्या.) मग काकांच्या घरून आलेले लाखोळीच्या डाळीचे वडे खात आम्ही दोघं कव्हरं बदलत बसलो. पाककृती, भूगोल, आरोग्य सगळं झालं. शेवटी शेळीपालनाच्या पुस्तकावर सापडलं. कलाकारांच्या यादीत तिसरं नाव: कु. शांता (याच गावची). माझे डोळे भरून आले. काका म्हणाले, या पुस्तकानं आजवर कोणी रडलं नव्हतं.

शेवटची गाडी कशीबशी मिळाली. प्रवासाचं म्हणाल तर कंबर दोन दिवस दुखत होती आणि बोटांचा डिंक काही निघत नव्हता, पण इतका आनंद मला आजवर कुठल्याच सहलीनं दिला नाही.

बाबांनी हँडबिल दोनदा वाचलं आणि स्मरणिकेतल्या कलाकारांच्या यादीत तिसऱ्या जागी आत्याचं नाव लिहिलं. आत्यानं चष्मा लावून पाहिलं.

"तिसरं काहून? नायिका मी होती."

"कागदावर तिसरंच आहे, ताई."

"कागद कायले पाहिजे?" आत्या म्हणाली. "मी जित्ती आहो ना अजून."