ठिणगीचा खांदा

माझ्या ताईच्या दुकानात कधी कपडे शिवायला टाकलेत, तर एक आधीच सांगून ठेवतो. तिथे नुसतं ताठ उभं राहून माप देता येत नाही. ताई खेळाडूंचे कपडे शिवते. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं वाक्य, "हात वर करा. आता खाली बसा. आता पळायला निघाल्यासारखे वाका." वजनं उचलणाऱ्या एका गृहस्थांना तिने कापडाचा अख्खा तागा डोक्यावर धरायला लावला होता. माणूस हलताना बघितल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नाही. "उभं राहायला माझ्याकडे कोण येतं?" असं तिचं म्हणणं.

हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. तरी मी करायचा तो मूर्खपणा केलाच. तो कसा केला ते सांगायचं तर आधी माझे उद्योग सांगायला हवेत.

मी व्हिडिओ गेममधली माणसं बनवतो, तीही मारामारीच्या गेममधली. आमच्या गेममध्ये अकरा पुरुष आहेत, दोन राक्षस आहेत आणि एक बाई आहे. तिचं नाव ठिणगी. पहिल्या आराखड्यात ठिणगीच्या अंगावर पूर्ण बाह्यांचं जॅकेट आणि ढगळ पँट होती. साहेब म्हणाले, बाह्या जरा कमी कर. केल्या. मग म्हणाले, जॅकेट जरा उघडं ठेव. ठेवलं. मग पँट आखूड झाली, कंबर बारीक झाली, बाकीचं काय काय मोठं झालं आणि सपाट बुटांना टाचा आल्या. हे सगळं एका फटक्यात सांगितलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. पण दर आठवड्याला थोडं थोडं, त्यामुळे मला दर आठवड्याला थोडंच वाईट वाटलं, आणि तेवढं सहन करायला मला फारसे कष्ट पडत नाहीत.

आमच्या गेमवर वाद घालणाऱ्यांचं इंटरनेटवर एक पान आहे. तिथे मी 'निष्पक्ष' या नावाने लिहितो. स्वतःच बनवलेल्या पात्राची पगार घेऊन बाजू मांडणाऱ्या माणसाला दुसरं नाव शोभलंच नसतं. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्याने ज्ञान पाजळायचं, असा माझा सहा वर्षांचा नेम. ठिणगीच्या कपड्यांवर माझी चारशे बारा उत्तरं आहेत. आकडा मी मोजलेला नाही, ते पानच मोजतं आणि नावापुढे दाखवतं, आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

तिथे 'चष्मेवाली' म्हणून एक जण आहे. तिने मला सळो की पळो करून सोडलं होतं. मी म्हणायचो, आमचा अस्वल्या पैलवानही उघडाच लढतो. ती म्हणायची, त्याच्यावर कॅमेरा येतो तो मुठीवर थांबतो, हिच्यावर येतो तो कुठे थांबतो? मी म्हणायचो, ठिणगीला स्वतःच्या शरीराचा अभिमान आहे. ती म्हणायची, ठिणगीला म्हणजे कुणाला? तिला काढणाऱ्यांना ना? अगदी कोंडीत सापडलो की मी माझा हुकमी एक्का टाकायचो: ती खरी बाई नाहीच, त्यामुळे कुणाचंही काही बिघडत नाही. त्यावर तीस-चाळीस जण टाळ्या द्यायचे आणि मी हात धुवायला जायचो.

त्यात ठिणगीच्या खांद्याची भानगड वेगळीच. लाथ मारायच्या आधी ठिणगी उजवा खांदा किंचित उचलते आणि सोडते. पोरं त्याला 'नखरा' म्हणतात. त्या नखऱ्यावर मी एकदा चांगले नऊ परिच्छेद लिहिले होते, की त्या झटक्यातून ती समोरच्याला कशी खुणावते वगैरे. ते पानावर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण आहे.

तर तो खांदा ताईचा आहे.

ताई कराटे खेळायची. चोविसाव्या वर्षी एका लढतीत तिचा खांदा निखळला, खेळ सुटला आणि ती शिवणाकडे वळली. त्यानंतर सहा वर्षांनी मी शिकत असताना, पडद्यावरचं माणूस हलवायला मला खऱ्या हलणाऱ्या माणसाची फिल्म हवी होती. ती मागणार कुणाकडे? ताईने एका रविवारी दुकान बंद ठेवलं, काळी ढगळ पँट घातली आणि स्वतःच्या खडूने गुडघ्यांवर, घोट्यांवर, कोपरांवर फुल्या काढून घेतल्या. मागच्या अंगणात भिंतीला गादी टेकवून तिने दिवसभर लाथा मारल्या. संध्याकाळी खांदा शेकत बसली आणि मलाच म्हणाली, "तुझं काम नीट झालं ना?"

नीट म्हणजे किती नीट. त्या फिल्मवर मी पास झालो, त्याच फिल्मवर नोकरी मिळाली, आणि ठिणगीची प्रत्येक लाथ त्या रविवारची आहे. ठिणगी पूर्ण झाली की ताईला बोलावून दाखवायचं ठरवलं होतं. पण पूर्ण झाली तेव्हा ठिणगी बहिणीला दाखवण्यासारखी राहिली नव्हती. ताईने एकदा सहज विचारलं, "माझ्या त्या फिल्मचं काय झालं रे?" मी म्हणालो, "खराब झाली गं, काहीच आलं नाही." "जाऊ दे," म्हणाली, "तू पास झालास ना." तेव्हापासून माझ्या आयुष्यात एकच काळजी होती, ताईला हे कळता कामा नये. माझ्यावर एवढा विश्वास ठेवणारं दुसरं माणूस मला नाही, बायको धरून.

आणि एक दिवस साहेब म्हणाले, "गेमच्या प्रदर्शनात एक कसरतपटू बाई ठिणगी होऊन मंचावर लाथा मारून दाखवणार आहे. तुझी बहीण शिवते ना? ड्रेस तिच्याकडूनच घे." माझ्या तोंडून नाही हा शब्द साहेबांसमोर आजवर कधी निघालेला नाही. तो त्याही दिवशी निघाला नाही.

मी मनाशी डाव रचला. फक्त तीन चित्रं न्यायची, समोरून, बाजूने, मागून. उभी ठिणगी. चित्रात खांदा हलत नाही.

ताईने चष्मा लावून तिन्ही चित्रं टेबलावर मांडली. बराच वेळ तिने टाचा, पँट, कंबर काहीच बघितलं नाही. ती जॅकेटवर बोट फिरवत होती.

"हे कशावर टिकलंय?"

"म्हणजे?"

"हूक नाही, चेन नाही, नाडी नाही. पुढून उघडं, मागून उघडं. लाथ मारली की हे राहणार कुठे?"

"ते अंगावर रंगवलेलं असतं, ताई. गेममध्ये कापड वेगळं नसतं. कातडीवरच कापडाचा रंग."

"म्हणजे कपडा नाहीच."

"तसं म्हटलं तर..."

"मग मला काय शिवायला आणलंयस?"

चष्मेवालीने हेच विचारलं होतं तेव्हा मी तिला कलेचं स्वातंत्र्य ऐकवलं होतं. ताईला ते ऐकवायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, साहेबांना हवंय.

"बरं. ती बाई येऊ दे. हलून दाखवू दे, मग बघते."

"ती बाहेरगावची आहे. मापं कागदावर आलीत."

"कागद हलतो का? ती काय काय करणार आहे ते तरी दाखव."

"मी करून दाखवतो," मी म्हणालो.

ही माझ्या हुशारीची कमाल. वय एक्केचाळीस, पोट चाळिशीच्याही पुढे गेलेलं, पायात ऑफिसचे बूट. मी खुर्च्या सरकवल्या, मुठी वळल्या आणि ठिणगीची प्रसिद्ध लाथ मारली. पाय टेबलाच्या उंचीपर्यंत गेला, पँटचं आसन टर्रकन उसवलं, आणि मी इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर आडवा झालो. ताई आली, मला उठवलं, उसवलेली शिवण उलटून बघितली आणि म्हणाली, "बघ, तयार पँटला खाली कळीचा जादा तुकडा घालत नाहीत. हेच होतं." मग मला टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसवलं आणि पँट मशीनवर घेतली.

मी तसा टॉवेलवर बसलेलो असतानाच तिचा फोन वाजला. ड्रेसचं ठरलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडून तिचा नंबर घेतला होता. साहेबांनी कामसूपणा दाखवून तिला थेट त्या पानावरची ठिणगीची फिल्म पाठवली होती, सोबत निरोप, 'हालचाल बघून घ्या.'

पँट मशीनखाली तशीच ठेवून ताईने फिल्म लावली. मी टॉवेल सोडून पळूही शकत नव्हतो. तिने एकदा बघितली. मग फोन जवळ धरून परत बघितली. तिसऱ्यांदा बघताना तिचा उजवा खांदा नकळत थोडा वर गेला आणि खाली आला.

"हा माझा खांदा आहे," ती म्हणाली.

"असे खांदे बऱ्याच जणांचे असतात," मी म्हणालो. चारशे बारा उत्तरं लिहिलेल्या माणसाचं हे चारशे तेरावं.

"निखळल्यापासून, जोर लावायच्या आधी तो जागेवर आहे का ते मी बघून घेते. बऱ्याच जणांचे कसे असतील?" मग थांबून म्हणाली, "खराब झाली म्हणाला होतास."

"नाही झाली."

तिने मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. फिल्मखाली लोकांनी लिहिलेलं होतं, ते ती बोटाने वर सरकवत वाचू लागली. ताई वाचते ते मोठ्यानेच वाचते. "'हा नखरा बघायला मी मुद्दाम हरतो.' नखरा म्हणजे हे का?" तिने खांद्यावर हात ठेवला. "दुखायचं रे ते."

मी टॉवेलची गाठ सोडून परत मारली.

"आणि हा निष्पक्ष कोण? 'खुणावते' म्हणतोय. केवढं मोठं लिहिलंय."

"मी," मी म्हणालो.

ताईने फोन उपडा ठेवला, मशीनवर बसली आणि माझी पँट पूर्ण केली. कळी घातली, दुहेरी शिवण मारली, दोरा दाताने तोडला. तेवढा वेळ मी टॉवेल धरून बसलो होतो. लाज या शब्दाचा अर्थ मला तोवर ठाऊक नव्हता असं म्हणणार नाही. ठाऊक होता, पण ती आपल्यालाही वाटायची असते हे लक्षात आलं नव्हतं.

पँट माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "हा ड्रेस मी शिवणार नाही. त्या बाईला खरोखर लाथ मारायची असेल तर दुसरा शिवून देते, साहेबांना विचार. आणि माझी ती अंगणातली फिल्म घेऊन ये. मी कधी बघितलीच नाही."

साहेबांना मी विचारलं. म्हणजे विचारल्यासारखं केलं. ते म्हणाले, आहे तेच हवं. ड्रेस दुसरीकडून शिवून आला. प्रदर्शनाचे दोन दिवस ती कसरतपटू बाई एका हाताने जॅकेट धरून मंचावर हसत उभी होती. लाथ एकही मारली नाही, मारताच येत नव्हती. शिवणवालीचा भाऊ म्हणून साहेबांनी मला पिनांची डबी देऊन बाजूला उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "हे कुणी काढलंय हो? कधी पाय उचलून बघितलाय का त्यांनी?" मी म्हणालो, "बघितलाय, पँट फाटली." तिला वाटलं मी विनोद करतोय.

फिल्म घेऊन जायला मला त्यानंतरही आठ दिवस लागले. कारणं मी रोज नवी काढत होतो, त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही. शेवटी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना गेलो. ताईने टेबलावरच्या कातरणी बाजूला सारल्या. मी लॅपटॉप उघडला.

मागचं अंगण, भिंतीला टेकवलेली गादी. तिशीतली ताई, ढगळ काळी पँट, गुडघ्यांवर पांढऱ्या फुल्या, केस कसेतरी वर बांधलेले, तोंड घामाने लाल. खांदा वर, खाली, मग लाथ. गादी भिंतीवरून घसरते. ती स्वतःच जाऊन गादी उचलते, परत टेकवते, मागे येते. खांदा, लाथ. एकदा कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, "ताई, दमलीस का?" आणि ती म्हणते, "तू आपला तुझं बघ."

ताई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बघत होती. टेप गळ्यातून घसरून खाली पडली, तिने उचलली नाही. फिल्म संपली.

"मी चांगली होते की रे," ती म्हणाली.

"होतीस."

"मला वाटायचं, खांद्यानंतर सगळं गेलं. आई तसंच म्हणायची. पण चांगलं मारत होते की." तिने पडद्यावरच्या त्या घामेजलेल्या बाईला बोट लावलं. "मग हीच का नाही घातलीस त्यात? हिच्यात काय कमी होतं?"

हाच प्रश्न मला सहा वर्षं वेगवेगळ्या लोकांनी विचारला होता, आणि दर वेळी माझ्याकडे उत्तर होतं. ताई वाट बघत होती. तिने खरंच विचारलं होतं, तिला ठाऊक नव्हतं.

"काहीच नाही," मी म्हणालो. "तुझ्यात काहीच कमी नव्हतं, ताई."

ताईने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"परत लाव," ती म्हणाली.

मी पहिल्यापासून लावली.