शेंदूर पुसणाऱ्या बाई

"हात जोडू नगा, पावणं. ती देवी न्हाई, मी हाय!"

फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला बाई आधी हे बजावत, आणि मगच चहाचं विचारत. सन पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. जुन्नरला गावाबाहेर त्यांचं घर होतं. यजमान शिल्पकार, ते वारलेले. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि कोणी पाहुणा आला की त्याला तिकडेच न्यायचो. दुसरं दाखवायचं तर शिवनेरी, आणि पाहुण्याला गड चढवायचा म्हणजे आपल्यालाही चढावा लागतो की हो!

घरामागे पत्र्याची शेड. तिथे यजमानांनी अर्धवट सोडलेले पुढारी भिंतीला टेकून उभे असत. बाई म्हणत, "ह्यांचे कान करायचे ऱ्हायले. तसं बी कुनाचं ऐकत व्हते कुठं!"

आणि बागेत, पेरूच्या झाडाखाली, काळ्या दगडाच्या साक्षात बाई. मांडी घातलेली, ठसठशीत नाक, कपाळाला आठी. राजुरीच्या एका बाईने देवी समजून तिला कुंकू लावलं, आणि त्याच संध्याकाळी तिची हरवलेली म्हैस आपणहून गोठ्यात आली. झालं! बाजाराला येणाऱ्या बायकांची रीघ लागली. नारळ काय, खण काय, आणि तोंडभर शेंदूर.

बाई रॉकेलची चिंधी घेऊन तो पुसत बसत. "सोताच्या तोंडाला सोताच रॉकेल चोळतीया. हाय का कुनाच्या नशिबी?"

"ऱ्हाऊ द्या की बाई," मी एकदा म्हणालो. "फुकटात देवी झालात."

बाई भडकल्या. मग त्यांचा हात थांबला.

"मास्तर, सारा संसार झाला, पर ह्या मानसानं कदी माज्याकडं धड बगितलं न्हाई. सदा आपलं दगडात डोकं. बगितलं ते ही मूर्त करताना. त्ये बगणं हाय ह्या तोंडावर. त्येच बुजलं तर माज्यापाशी काय ऱ्हातं?"

मी दुसरी चिंधी घेतली.

एका बाजाराच्या दिवशी बाईंनी डोकं चालवलं. मूर्तीशेजारी तशीच मांडी घालून, तशीच आठी घालून स्वतः बसल्या. म्हणाल्या, "आता तरी कळंल समद्यांना, कोन हाय त्ये." पेठची एक म्हातारी आली. तिने मूर्तीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि "आई, परगट झालीस गं!" म्हणत बाईंच्याच पायांवर लोळण घेतली. मग शेंदराचा हात बाईंच्या गालाकडे निघाला, तशा बाई गरजल्या, "तोंडाला लावशील तर बग! म्हैस आटंल!" म्हातारी चळाचळा कापायला लागली. मी पेरूच्या आडोशाला हसून हसून खालीच बसलो.

पुढे माझी बदली झाली. परत आलो तेव्हा बाई गेल्या होत्या. शेडला कुलूप, बागेत कमरेएवढं गवत. मूर्तीपुढे एक तरुण बाई शेंदूर कालवत बसली होती. आता पुसणार कोण?

तिने मूर्तीच्या पायांना शेंदूर लावला. मग पदर ओला करून तोंडावरची धूळ पुसली.

"तोंडाला नाही लावत?"

"न्हाई बा! लई खाष्ट हाय ही. आन् हिच्या मालकाला हिचं तोंड दिसाया पायजे, असं पेठला आमच्या सासूबाई सांगत्यात."

मला रडूच कोसळलं. तिने शेंदराची वाटी बाजूला ठेवली.

"पावणं, नारळ आणलाय, का नुसतंच रडाया आलाय?"