हप्ता उतरला, तेव्हा

हे मी घरात बोललेलो नाही, देवापुढेही नाही. तुमच्याशी बोलायला धजतोय, कारण तुम्ही माझ्या बायकोला ओळखत नाही.

मी शहापूरच्या एका शाळेत लिपिक. आमच्या सापगावात कुणाला घरकर्ज काढायचं, दुसऱ्या बँकेत फिरवायचं असलं की कागद माझ्याकडे येतात. मी चष्मा कपाळावर चढवून असा काही ‘हं’ म्हणतो, की समोरच्याला वाटावं – बँक यांनीच काढलीय. तर आमच्या घराचं कर्जही मीच फिरवलं. जुन्या बँकेत आठ वर्षं उरली होती. दुसरीचं व्याज पाऊण टक्का कमी. आणि हप्ता? तो चक्क तिसऱ्या हिश्शाने उतरला. पाऊण टक्क्यात एवढा? सातवीतल्या पोराला शंका आली असती. मी पेढे वाटले.

पेढे संपल्यावर कागद वाचले. मुदत – पंधरा वर्षं. खाली सही माझीच, चांगली वळणदार.

एक अर्ज दिला असता तर मुदत पुन्हा आठ करून मिळाली असती. पण हप्ता परत चढला असता – आणि पेढे खाल्लेल्या गावाला काय सांगायचं? मी अर्ज दिला नाही. उलट घरी ऐटीत म्हणालो, दरवर्षी थोडे जादा भरले तर आठाची सहाच होतील.

हे सुनंदाने मनावर घेतलं. सुनंदा म्हणजे आमची ही. मुरबाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. आठ तास उभ्याचं काम. कर्ज फिटलं की काम सोडायचं, एवढंच तिचं ठरलेलं. दिवाळीचा बोनस माझ्या हातात, उन्हाळ्यात नाचणीचे पापड विकून आलेले पैसे माझ्या हातात. सहा वर्षं तिने स्वतःला एक साडी घेतली नाही. ते पैसे मी पै न् पै भरले – तेवढा मी प्रामाणिक. मुदतीतली चार वर्षं त्या पैशांनी कमी झालीही. पण पंधरातली. आणि हे मला दर वर्षी कळत होतं. दर वर्षी पावती तिच्या हातात देताना मी हसत होतो.

या चैत्रात सहा वर्षं भरली. ती भाकऱ्या करता करता म्हणाली, ‘‘अवो, आता राजीनामा लिवून द्या. गुडघं नाय ऐकत.’’

पाच वर्षं बाकी आहेत. हप्ता जातो तिच्याच पगारातून; तिचं पासबुक माझ्याकडे असतं. मी काय म्हणालो असेन?

मी चष्मा कपाळावर चढवला. म्हणालो, कर्ज फिटलंय गं – पण तू आणखी पाच वर्षं भरली नाहीस तर ग्रॅच्युइटी बुडेल. नवा नियम आहे.

असा नियम नाही. तिची ग्रॅच्युइटी कधीच पक्की झालीय.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘‘बरं. तुमाला कळतं त्यातलं.’’

भांडली असती तर? तर कदाचित मी बोललो असतो. बघा, अजूनही मी तिच्यावरच ढकलतोय.

परवा तिला सोडायला नाक्यावर गेलो. तिच्यासोबत काम करणारी सविता तिथे उभी होती. सविताच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, म्हणून सविता काम सोडणार असं ऐकलं होतं. मला बघून म्हणाली, ‘‘भावोजी, बरं झालं सुनंदाताईकडून त्यो नवा नियम कळला. आमी चौघीजणी थांबलो. नायतर बुडालोच असतो.’’

‘‘कागद वाचल्याशिवाय मी बोलत नाय,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणून तर,’’ सविता म्हणाली.

कंपनीची बस आली. सुनंदाने दांडी धरून आधी उजवा पाय वर घेतला, मग हाताने उचलून डावा. मी पिशवी वर दिली.