मिटलेली बाही

मांडवीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. त्या घराच्या पडवीत बसून, टाळेबंदीच्या पहिल्या वर्षी, माझी आई जगाच्या अंताची वाट पाहत होती. यात अतिशयोक्ती नाही. पाहुणे यायचे असले की माणूस घर आवरून, पदर सारखा करून बसतो, तशी ती बसलेली असे, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नसे.

आईने आयुष्यभर शाळेत शिवण शिकवले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका अजूनही तिला ‘बाई’ म्हणतात. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया ठरली होती. मार्च सरता सरता सारेच बंद झाले. त्या रिकाम्या दिवसांत कुणीतरी तिच्या मोबाइलवर एका दूरच्या उपदेशकाची प्रवचने पाठवली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली जगाच्या अंताची चिन्हे तो रोजच्या बातम्यांशी जुळवून दाखवी : शिक्के फुटत होते, अंताआधी एकामागून एक सुटणारे चार घोडे निघाले होते, साथ आली होती. आईला दिसत नव्हते, म्हणून ती ऐकत असे. आणि भरदार आवाजात ऐकलेले, डोळ्यांनी वाचलेल्यापेक्षा लवकर खरे वाटते. सकाळी मी चहा घेऊन गेले की ती विचारी, आज कितवा घोडा? मी म्हणे, दूधवाला येऊन गेला, एवढेच मला ठाऊक.

त्यातच तिला कडी दिसू लागली. दिव्याभोवती, चंद्राभोवती, समुद्रातल्या मचव्यांच्या दिव्यांभोवती फिकट, रंगीत कडी. मोतीबिंदूत असे होते हे मी जाणून होते; आईला मात्र ते येणाऱ्या तेजाचे लक्षण वाटले. तिन्हीसांजेला दारात उभी राहून ती मला त्यांचे रंग सांगे. कच्च्या करवंदाचा हिरवा, शिंपल्याच्या आतला गुलाबी. कवितेवर वाढलेली मी, ते इतके सुंदर वर्णन खोडायला धजावत नसे. आज याची लाज वाटते. शब्दांच्या मोहात मी तिच्या डोळ्यांकडे काणाडोळा केला.

पावसाळा संपल्यावर रुग्णालयातून बोलावणे आले आणि आईने सरळ नकार दिला.

“प्रभू आला की नवं शरीर मिळायचंय, त्यात डोळेही नवेच असणार. मग आता ह्यांना कशाला टोचून घेऊ?”

डॉक्टरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितले होते की फार लांबवले तर डोळ्यातला दाब वाढेल आणि नजर कायमची जाईल. मी तेच आईला सांगितले. तिचे म्हणणे, तेवढा वेळ जगाजवळच उरलेला नाही.

शेवटी मी आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना बोलावले. ते अंगणात खुर्ची टाकून, मास्क लावून, लांब बसले. आईशी त्यांनी वाद घातला नाही. प्रभू येणार यावर त्यांचा विश्वास आहे, माझाही आहे. ते एवढेच म्हणाले की आपल्या दफनभूमीत प्लेगच्या काळातली जांभ्याची थडगी आहेत, आणि त्यांच्याखाली निजलेल्यांनाही आपणच शेवटची पिढी आहोत असे वाटले असेल. तो दिवस आपल्याला सांगितलेला नाही, ही देवाने दिलेली मोकळीक आहे. तो ठाऊक असता तर आज कुणी चूलही पेटवली नसती. आईने सारे शांतपणे ऐकले, त्यांना कोकम सरबत पाजले, आणि फाटक लागल्यावर म्हणाली की माणूस भला आहे, पण मोबाइल नीट ऐकत नाही.

दुसरा उन्हाळा पहिल्यापेक्षा वाईट आला. मंडळीतली माणसे गेली. कुणीही गेले की शवपेटीला आतून पांढरे चुणीदार अस्तर लावायचे काम वर्षानुवर्षे आईचे होते. आता कुणी बोलवायलाही आले नाही. तिने तेही चिन्हांत धरले. मी तिच्याशी डोळ्यांबद्दल बोलायचे थांबवले, आणि तिचा हात धरून तिला न्हाणीपर्यंत नेऊ लागले.

आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याचा झगा एकच आहे. पांढऱ्या मलमलीचा, गळ्याला लेस लावलेला. आईने तो तरुणपणी शिवला, आणि ज्या घरी बाळ जन्मते त्या घरी तो जातो. माझाही बाप्तिस्मा त्यातच झाला. त्या पावसाळ्याच्या अखेरीस आईची एक जुनी विद्यार्थिनी आपले चार महिन्यांचे बाळ आणि तो झगा घेऊन आली. दीड-दोन वर्षे कपाटात पडून मनगटापाशी बाही झुरळांनी कुरतडली होती. आईला देऊ नकोस अशा मी मागून तिला खुणा करत होते, पण तोवर आईने हात पुढे केला होता.

सुई मी ओवून दिली. आई दुपारभर बोटांनी चाचपत शिवत राहिली. मलमलीचा जुना, साबणाचा वास पडवीत पसरला होता. तिचे ओठ हलत होते. पूर्वी वर्गात टाके मोजताना हलत, तसेच.

रविवारी बाळाला झगा घालून पाहिला. डावा हात गेला. उजवा बाहीत शिरला आणि बाहेर येईना. आत मूठ धडपडताना दिसत होती. बाळाच्या आईने पाहिले आणि चटकन म्हणाली की आज ते किरकिरतेय, घरी घालून बघते.

“आण इकडे,” आई म्हणाली.

तिने बाहीत बोटे घातली. मनगटाशी कापडाचे दोन्ही पदर एकत्र शिवले गेले होते. बाही मिटली होती.

“बाई, उसवता येईल की,” ती मुलगी हळूच म्हणाली.

“उसवायला दिसावं लागतं.”

मग आईने बाळाची मूठ बाहेरून चाचपली, आणि माझ्या दिशेने तोंड केले.

“डॉक्टरांना फोन लाव. तो येईल तेव्हा येईल. हे आलंय.”

शस्त्रक्रिया झाली आणि डोळे वाचले, जेमतेम वाचले असे डॉक्टर म्हणाले. जे मी, पाळकसाहेब आणि सारे वैद्यकशास्त्र मिळून करू शकलो नाही, ते एका चुकलेल्या शिवणीने केले. त्या शिवणीसाठी मी आजही प्रार्थनेत आभार मानते. सुई धरायची परवानगी मिळाल्यावर आईने सकाळच्या उन्हात बसून त्या बाहीचा एकेक टाका स्वतः उसवला. टाके मात्र बारीक होते, हे तिने मला दोनदा ऐकवले.

बाप्तिस्मा नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या एका रविवारी, आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये झाला. खिडक्या उघड्या होत्या, आम्ही अंतर सोडून बाकांवर बसलो होतो. पाळकसाहेबांनी बाळाच्या माथ्यावर पाणी घातले, तशी उजव्या बाहीतून मूठ बाहेर आली, त्यांचा मास्क तिच्यात सापडला आणि ओढला गेला. मास्क एका कानाला लोंबत राहिला. जवळजवळ दोन वर्षांनी त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसला, आणि सारे देऊळ हसले. तेही हसत, तसेच पुढचे शब्द म्हणत राहिले.

आई हसत नव्हती. तिसऱ्या बाकावरून ती टक लावून पाहत होती. मग माझ्या कानाशी वाकली.

“गळ्याची लेस एका बाजूला उतरलीय. पुढच्या बाळाच्या आधी नवी लावू.”