आहेर तूर्त स्थगित

बायकोचे मोठे भाऊ वसंतराव आपल्या साठीशांतीला खुर्चीत बसून आहेराची पाकिटं घेत होते. पाकीट पिशवीत टाकण्यापूर्वी त्यांचा अंगठा त्यावरून हलकेच फिरे आणि जाडी लागली की चेहरा उजळे. रांगेतून मी तो अंगठा मोठ्या आनंदाने पाहत होतो. माझं पाकीट चांगलं जाड होतं.

याच अंगठ्याने त्यांनी मला नकाशावर समुद्रकाठचा एक चिमुकला देश दाखवला होता. "जावईबापू, उभरती बाजारपेठ आहे. त्यांच्या सरकारचे रोखे घ्या. माणूस बुडेल, देश कधी बुडतो का?" गच्चीवरच्या खोलीसाठी जमवलेले पैसे मी त्या देशाला दिले. वर्षभरात देशाने हात वर केले.

गंमत म्हणजे तो देश अजून जागच्या जागी आहे. तिथे नारळ लागतात, वराती निघतात, लाटा वेळेवर येतात. बुडाला तो फक्त शब्द. शेजाऱ्याने फसवलं तर त्याच्या दारात ओरडता येतं, देशाचं दार कुठे शोधायचं? पण देश दाखवणाऱ्याला दार असतं, आणि त्याची साठीही येते.

माझी पाळी आली. अंगठा फिरला. एवढी जाडी लागल्यावर वसंतरावांना राहवेना, त्यांनी पाकीट तिथेच फोडलं. आत त्या सरकारच्या लांबलचक दिलगिरीपत्राची घडी होती, आणि तळाशी माझ्या अक्षरात एक ओळ: 'आहेर तूर्त स्थगित. देण्याची इच्छा कायम आहे.'

"जावईबापू, मग मिळणार कधी?"

मी त्यांच्या डोक्यावर प्रेमाने अक्षता टाकल्या. "धीर धरा, वसंतराव. मीसुद्धा उभरताच आहे."